यमुनाकाकू आणि पाच रुपयांचा वायसर

"ओक! आत्ताच्या आत्ता ओक! लाज नाही वाटत तुले? लोखंड खाते अन् वरून थंड पाणी देते?"

यमुनाकाकू ओरडत होती आणि हातातल्या चपलेनं ताडताड हाणत होती. मार खाणारा कोणी माणूस नव्हता. सरपंच तर नव्हताच, तो समाजमंदिराच्या मागं जाऊन उभा राहिला होता. मार खात होती ग्रामपंचायतीसमोरची पाण्याची मशीन. माणसाएवढी उंच, निळ्या रंगाची, पोटाला नळ आणि कपाळाला नाणं टाकायची फट. पाच रुपयांचं नाणं टाकलं की वीस लिटर गाळलेलं पाणी कॅनमध्ये धो धो पडायचं. अख्खं गाव कॅन घेऊन रांगेत उभं होतं आणि पुढं व्हायची एकाचीही छाती होत नव्हती.

झालं होतं असं, की मशीन सांभाळणाऱ्या एजन्सीच्या माणसानं तिच्या पोटातली पेटी उघडून ओट्यावर उलटी केली आणि नाण्यांबरोबर खळखळ वायसर निघाले. नट-बोल्टला लावतात तेच, लोखंडी. मधलं भोक झाळ भरून बुजवलेलं, कडा घासून पाचच्या नाण्याच्या मापाला आणलेल्या.

"काकू, तिले कायले मारता?" एजन्सीवाला म्हणाला. "मशीनले डोळे नसते. ती आकार पाहते अन् वजन पाहते."

"तिले नाहीत. तुले तर आहेत ना? मग तू काय पाहून राह्यला?"

एजन्सीवाल्यानं चष्मा काढून पुसला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की याच पैशातून मशीनचा फिल्टर बदलला जातो, याच पैशातून लाइटचं बिल भरलं जातं. पुन्हा पेटीत लोखंड निघालं, तर मशीनला कुलूप. हे त्याचं नाही, वरचं म्हणणं होतं.

काकूनं चप्पल पायात घातली. आणि मग रांगेकडं तोंड करून जे बोलली ते मी इथं लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की समोरच्या कडुनिंबाची अर्धी पानं त्या दिवशी गळली, आणि महिना काही पानगळीचा नव्हता.

काकूच्या आवाजाबद्दल मी जे सांगतो त्याला लोक थाप म्हणतात. म्हणोत. तिच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एक. तिकडं ती सुनेला "चहा ठेव वं" म्हणाली की इकडं माझी बायको उठून चहा ठेवायची. शेतात उभी राहून तिनं गड्याला हाक मारली की पांढरकवड्याच्या हायवेवरचे ट्रकवाले मागून कोणी हॉर्न देतंय समजून बाजू द्यायचे. मी शाळेत मास्तर होतो, वर्गावर ओरडण्यात हयात गेली. पण काकूपुढं माझा आवाज म्हणजे पिठाच्या गिरणीपुढं पिपाणी.

अंगानं मात्र वितभर. कापसाची, तुरीची शेती होती, खाऊन-पिऊन सुखी घर. पाठीचा कणा ताठ झालेला, मान वळत नसे. बाजूला बघायचं तर अख्खी बाई वळायची. गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले. आणि दात! कडक चहाच्या रंगाचे, वर आडवे पट्टे. हे एकट्या तिचंच नाही. आमच्या गावच्या हापशीच्या पाण्यात फ्लोराइड आहे. आमच्या गावचा माणूस घाटंजीच्या बाजारात हसला की दुकानदार सांगायचा, हा अमक्या गावचा. म्हणून आम्ही बाजारात हसत नसू.

काकूच्या नवऱ्याच्या किडन्या गेल्या. शेवटी यवतमाळला नेलं, तर डॉक्टरनं कागद बाजूला ठेवून एकच विचारलं, "पाणी कोणतं पिता?" काकू म्हणाली, "हापशीचं." डॉक्टर पुढं काही बोलला नाही. ही गोष्ट काकू मला अनेकदा सांगायची आणि दर वेळी इथंच थांबायची. "तो बोलला असता तर मी भांडली असती मास्तर. पण तो चूप बसला."

तेव्हापासून तिला एक खोड लागली. गावातलं कोणतंही लेकरू रस्त्यात सापडलं की त्याची हनुवटी धरून ती उजेडाकडं फिरवायची. "दात दाखव." लेकरं तिला पाहून पळायची. तिची स्वतःची नात, परी, तेवढी पळत नसे. परीचे दुधाचे दात हलायला लागायच्या आत गावात चांगलं पाणी आणायचं, हे काकूनं मनाशी पक्कं केलं होतं. "या पोरीचे नवे दात पांढरे आले पाह्यजे. तिनं बाजारात हसलं पाह्यजे. बाकी मले काही नको."

मशीन कशी आली ते ऐका. काकू हापशीच्या पाण्याची बाटली घेऊन जिल्ह्याच्या हापिसात गेली. सोबत मी, अर्ज धरायला. साहेबाच्या टेबलावर दुकानातली विकतची बाटली, सील न तोडलेली. काकूनं आपली बाटली त्याच्यापुढं ठेवली आणि त्याची उचलली. "साहेब, आज अदलाबदल. तुमची मी पेते, माही तुम्ही घ्या." तिनं तिथंच सील फोडून घटाघट बाटली संपवली, तोंड पुसलं, आणि खुर्ची ओढून बसली. "आता तुमचा नंबर." साहेबानं बाटलीकडं पाहिलं, बाटलीच्या तळाशी जमलेल्या पांढऱ्या साक्याकडं पाहिलं, मग काकूच्या दातांकडं पाहिलं. काकू तिथं आठवडाभर बसून होती असं मी गावात सांगतो. खरं म्हणजे दुपारच्या डब्याच्या आत साहेबानं सही केली. पण बाटलीला हात लावला नाही, आणि तिच्यासमोर बसून साहेबाला ती सकाळच आठवड्याएवढी झाली असणार, तेव्हा आठवडाच म्हणायला हरकत नाही.

खोट्या नाण्याचा प्रकार कळायच्या आधीसुद्धा काकूची नाण्यांशी एक लढाई झालीच होती. तुम्हाला माहीत असेल, आमच्याकडं दहाचं नाणं कोणी घेत नव्हतं. कोणीतरी उठवलं की ते नकली आहे, आणि झालं. घाटंजीच्या बाजारात कांदेवाल्यानं काकूचं दहाचं नाणं परत केलं.

"हे चालत नाही, काकू."

"काहून? लंगडं आहे का?"

"नकली राह्यते म्हणतात."

"कोण म्हणते?"

"सारेच म्हणतात."

काकू कांद्याच्या ढिगावर बसली. अगदी मांडी घालून. "जोवर हे नाणं चालत नाही, तोवर तुहा कांदाही चालत नाही." बाजार जमला. शेजारचा लसूणवाला काकूच्या बाजूनं, मिरचीवाली कांदेवाल्याच्या बाजूनं. मारामारी होता होता राहिली. शेवटी कांदेवाल्यानं नाणं घेतलं, कपाळाला लावलं आणि म्हणाला, "माय, उठ. खालचे चेंदले." परतताना काकू एसटीत माझ्यावरच उखडली. "पाह्य मास्तर, खऱ्याले नकली म्हणायले यायले एक मिनिट लागत नाही. अन् नकली समोर आलं तर कोणी तोंड उघडन का? उघडन का सांग!" एसटीतली सगळी माणसं आपण काहीतरी चोरल्यासारखी खिडकीबाहेर बघायला लागली.

तर, मशीनच्या पेटीत वायसर निघाले. काकूनं ते सगळे ओच्यात बांधले आणि पोलीस ठाणं गाठलं. अर्ज धरायला पुन्हा मी. हवालदारानं एक वायसर उचलला, उलटसुलट केला.

"काकू, याच्यावर सिंहाचं तोंड नाही, पाचचा आकडा नाही. याले नकली नाणं कसं म्हणू? हा तर वायसर आहे."

"मशीननं पाच समजून घेतला ना?"

"मशीनची फिर्याद लिहून घ्याची सोय नाही आमच्याकडे."

"मंग माही घ्या."

"तुमचं काय गेलं? पाच रुपये? पाच रुपयासाठी कोणी ठाण्यात येते का काकू? चहा घेता?"

काकूनं चहा घेतला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण काकूनं चहाला नाही म्हटलेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं.

परतल्यावर ती माझ्या ओट्यावर बसली. वायसर एकेक करून फरशीवर वाजवून बघत होती. खऱ्या नाण्याचा किणकिण आवाज येतो, याचा ठक.

"मास्तर, पाचशेची नोट छापणाऱ्याचं मी समजू शकते. त्याले मशीन लागते, शाई लागते. पकडलं तर जेल. म्हणजे त्याच्या पोटात भेव असते. पण पाचचं नाणं कोणी काहून बनवावं? घासा, झाळ भरा, माप धरा. एवढ्या मेहनतीत तो कोणाच्या शेतात एक तास डवरला असता तं याच्यापेक्षा जास्त मिळाले असते."

मी मास्तर, मला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. म्हणालो, "काकू, गरिबी असते. पाच रुपयेही नसतात कोणाकडे."

ती अख्खी माझ्याकडं वळली. "ज्याच्याजवळ पाच रुपये नसतात त्याच्याजवळ ग्राइंडर असते का, मास्तर?"

 खरं सांगू का, तेव्हा गावात जो तो याच विषयावर बोलत होता. आणि बोलणारे सगळेच बोलता बोलता एकाच दिशेनं बघत होते, गावाबाहेर मजुरांच्या झोपड्या आहेत तिकडं.

आणि काकूनं चुंबक आणलं. जुन्या रेडिओच्या भोंग्यातलं, काळं, गोल. दोऱ्याला बांधून गळ्यात घातलं आणि मशीनशेजारी खाट टाकून बसली. जो कॅन घेऊन येईल त्याचं नाणं आधी काकूच्या चुंबकाला. चिकटलं नाही तर जा पुढं. काकू खाटेवरून फक्त जेवायला उठायची, आणि ती जेवायला गेली की सून बसायची.

दोन-तीन दिवस काही चिकटलं नाही. मग सुभद्रा आली. सुभद्रा आमच्या सगळ्यांच्याच शेतात कापूस वेचायची. तिनं नाणं पुढं केलं आणि ते टक्कन चुंबकाला चिकटलं.

काकू उठली. "सुभे! तू? तुह्या लेकरायसाठी आणली वं ही मशीन मी!"

सुभद्रेला काही कळेना. ती नुसती "काय झालं काकू, काय झालं" करत होती. रांगेतले आम्ही सगळे मान हलवत होतो. मला वाटलंच होतं, असं कोणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, आपण लाख करा यांच्यासाठी. तेवढ्यात गोंधळ ऐकून सरपंच पुढं आला. आपण कसे नियमाचे पक्के हे दाखवायला त्यानं खिशातून स्वतःचं नाणं काढलं आणि ऐटीत चुंबकासमोर धरलं.

टक्.

मग मी माझं धरलं. माझं नाही चिकटलं. कोतवालाचं चिकटलं. मग सगळ्यांनीच खिसे उलटे केले आणि कळलं, की पाचची खरी नाणीसुद्धा काही पितळी असतात, काही पोलादी. पितळी चिकटत नाहीत, पोलादी चिकटतात. काकूनं सुभद्रेचं नाणं डोळ्याजवळ नेलं. सिंहाचं तोंड होतं, आकडा होता, सगळं होतं. ते चिकटलं तेव्हा कोणी पाहायची तसदी घेतली नव्हती.

काकूनं चुंबकाचा दोरा तोडला आणि चुंबक नालीत फेकलं. माफी मागायची तिची रीतही तिच्याच आवाजातली. "सुभद्रा चोर नाही! मी बावळट आहे! ऐकलं का साऱ्यायनं?" आम्ही ऐकलं. पलीकडच्या गावानंही ऐकलं असणार. मग सुभद्रा नको नको म्हणत असताना काकूनं तिचा भरलेला कॅन आपल्या कमरेवर घेतला आणि त्या वाकड्या गुडघ्यांनी पार झोपडीपर्यंत नेऊन ठेवला. वीस लिटर पाणी, आणि वितभर बाई. जाताना रांगेपुढं थांबली.

"मले एक सांगा. संशय आला तवा तुम्ही सारेजण तिकडेच कसे पाह्यले? इकडे काहून नाही पाह्यलं?"

इकडे म्हणजे कुठं, ते तिनं हातानं दाखवलं नाही. आम्हीही विचारलं नाही. इकडे म्हणजे आमची पक्की घरं होती.

मग आलं सुधाकरच्या पोरीचं लग्न.

सुधाकर म्हणजे गावातलं सर्वांत मोठं घर. शेती चिक्कार, वर ट्रॅक्टर आणि शेतीची अवजारं दुरुस्त करायचा कारखाना. काकूचा तो गावच्या नात्यानं दीर. लग्न असं केलं की विचारू नका. मांडव एवढा मोठा, की या टोकाला पंगत बसली तेव्हा त्या टोकाची उठून हात धुवून गावाला पोचली होती. डीजे नागपूरचा. त्याच्या आवाजानं आमच्या घरातली भांडी फळीवरून चालत खाली आली. घोडा होता, धूर सोडणारी यंत्रं होती, आकाशातून फोटो काढणारं भिरभिरं होतं. आम्ही सगळे जेवलो. काकूही जेवली. थंड पाण्याचे जार मांडवभर ठेवले होते. काकू ग्लास भरून परीला पाजताना मी पाहिली. "मशीनचं आहे," ती मला म्हणाली. इतकी खुश मी तिला पाहिली नव्हती. "पावण्यायले आपल्या गावचं पाणी पाजलं सुधाकरनं. पाहा."

लग्नाच्या आदल्या सांजेला एजन्सीवाल्यानं पेटी रिकामी केली होती, काकू आणि सरपंच यांच्यासमोर. लग्नाच्या दिवशी मशीनवर दुसरं कोणी गेलंच नाही, कारण अख्खं गाव मांडवात होतं. सकाळपासून फक्त सुधाकरचा छोटा हत्ती टेंपो मशीनला लागलेला, कॅन भरभरून नेत होता.

दुसऱ्या दिवशी एजन्सीवाला आला, आणि पेटी ओट्यावर उलटी केली.

एकसुद्धा नाणं नव्हतं. सगळे वायसर. नवे कोरे, चकचकीत, झाळेचा वास अजून न गेलेले.

या वेळी मशीनला मारायला काकू गेली नाही. एजन्सीवाल्यानं नाण्याची फट खोलून काढली, नळाला कुलूप लावलं. काकूनं मुकाट्यानं वायसर ओच्यात घेतले आणि सुधाकरच्या अंगणात गेली. मागं आम्ही. तिथं मांडव सोडणं चाललं होतं, पाहुणे चहा पीत होते, सुधाकर खुर्चीवर बसून डीजेवाल्याचा हिशेब करत होता. काकूनं ओचा त्याच्या पायाशी सोडला आणि मग आवाज काढला.

"डीजेले नोटा अन् पाण्याले वायसर? घोड्याले नोटा अन् पाण्याले वायसर? लेकीच्या लग्नात पावण्यायले चोरीचं पाणी पाजलं तू! माह्या नातीले पाजलं! चारशे रुपयाचं पाणी होतं सुधाकर, चारशेचं! तुह्या त्या धुराच्या यंत्रातून याच्या दसपट धूर झाला रे!"

पाहुण्यांच्या कपबशा जागच्या जागी थांबल्या. सुधाकर नाही म्हणाला नाही. कारखान्यातल्या पोरांचं काम असेल, असंही म्हणाला नाही. त्यानं डीजेवाल्याच्या गड्डीतली पाचशेची एक नोट ओढली आणि पुढं धरली.

"घ्या वहिनी. वरचे शंभर राहू द्या. पावण्यायसमोर तमाशा नका करू."

"मले पैसे नको. तू काहून केलं ते सांग."

"आता दिले ना?"

"काहून केलं ते सांग!"

सुधाकर उठून आत गेला. नोट खुर्चीवर राहिली. पाहुण्यांनी चहा संपवला. आणि आम्ही, जे सुभद्रेच्या वेळी माना हलवत होतो, आम्ही बाकीच्या खुर्च्या उचलायला मदत करू लागलो. कारण सुधाकरकडं आमचे डवरे, आमची वखरं दुरुस्तीला पडली होती. माझंसुद्धा पडलं होतं. गावात कोणी कोणाकडं बघितलं नाही त्या दिवशी. वायसरवरून चालत गेलो आम्ही, पायाखाली ठक ठक वाजत होते.

मशीन बंद ती बंदच. काकूनं आणखी अर्ज केले, मी लिहून दिले. वरून उत्तर आलं, गावकऱ्यांचं सहकार्य नाही. सुधाकरचं काही अडलं नाही. त्याच्या घरी घाटंजीहून गाडीनं जार येऊ लागले. एका जारला तो आता मशीनच्या कितीतरी पट मोजतो, नोटांनी. आम्ही बाकीचे हापशीवर.

काकूचा आवाज हळूहळू खाली आला. भिंतीपलीकडून ऐकूच येईनासा झाला, तेव्हा बायको म्हणाली, काकूला बरं नाही का? बरी होती. कुलूप लागल्यानंतर काही महिन्यांनी मी तिला हापशीवर पाहिलं. दोन्ही हातांनी दांडा दाबत होती, दर वेळी अख्खी बाई खाली जायची आणि वर यायची. बाजूला परी उभी होती. परीचा पुढचा दात पडला होता, हिरडीतून नवा डोकावत होता. काकूनं दांडा सोडून तिची हनुवटी धरली, उजेडाकडं फिरवली, बराच वेळ बघितलं. काय दिसलं ते मला कळलं नाही. 

तेवढ्यात सुधाकर मोटरसायकलवरून आला. हापशीजवळ चिखल, त्याला गाडी हळू करावी लागली. काकू वळली, तशीच, अख्खी. मी कान झाकायच्या तयारीत होतो. पण ती ओरडली नाही. इतक्या हळू बोलली, की हापशीतून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज जास्त होता.

"सुधाकर, भांडत नाही रे मी आता. फक्त सांग. तुले काय कमी होतं? काहून केलं?"

सुधाकरनं पाय टेकवला. त्यानं खरंच विचार केला, मी पाहिलं. चेहऱ्यावर ना राग, ना लाज. कोणी वाट विचारावी आणि आठवून सांगावी तसा म्हणाला,

"मशीन घेत होती, वहिनी."

आणि गियर टाकून निघून गेला.